चार रात्री, दोन संच: कृष्णधवल मार्पल लावावी की रंगीत पॉयरो?

अगाथा ख्रिस्तीची पुस्तकं वाचून संपत आली की माणूस जुन्या ब्रिटिश सिनेमांकडे वळतो, आणि तिथे त्याच्यासमोर दोन गठ्ठे येतात. एक म्हणजे १९६१ ते १९६४ या काळात मार्गारेट रदरफर्डला घेऊन काढलेले मिस मार्पलचे चार कृष्णधवल सिनेमे. दुसरा म्हणजे १९७४ ते १९८२ दरम्यान जॉन ब्रेबॉर्न आणि रिचर्ड गुडविन या निर्मात्यांच्या जोडीने काढलेले चार रंगीत सिनेमे: तीन पॉयरोचे, एक मार्पलचा, आणि चारही नामवंतांनी खच्चून भरलेले. चारास चार. सगळे आठ बघायला वेळ असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. पण माझ्या भाच्याचा फोन आला, "मामा, सुट्टीत चार रात्री मोकळ्या आहेत, सासूबाईपण आल्यात, कुठला संच लावू?" त्याच्याशी पाऊण तास बोललो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "एवढं बोललास, पण कुठला ते सांगितलंसच नाहीस." म्हणून हा लेख.

पॉयरो हा ख्रिस्तीबाईंचा मिशीवाला गुप्तहेर आणि मार्पल ही त्यांची खुनी शोधून काढणारी म्हातारी, याहून जास्त सांगत बसत नाही. खुनी कोण हेही सांगणार नाही. दोन्ही संच मी स्वतः विकत घेतलेत, एकेक सिनेमा दोन-तीनदा पाहिलाय, आणि त्यातले निम्मे आईबरोबर पाहिलेत. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, ती पुढे येईलच.

आधी दोन्ही संचांचं नातं सांगतो, कारण ते मजेशीर आहे. पहिल्या संचावर ख्रिस्तीबाई चांगल्याच नाराज होत्या. एमजीएमच्या ब्रिटिश शाखेने हक्क घेतले आणि त्यांच्या शांत, विणकाम करत बसणाऱ्या मार्पलची पार धावपळ करून टाकली. चारपैकी दोन सिनेमे तर मुळात पॉयरोच्या कादंबऱ्यांवरचे, तिथे पॉयरोला उठवून मार्पलला बसवलं. चौथा कुठल्याच कादंबरीवर नाही, पटकथाकारांनी स्वतःच रचलेला. या अनुभवानंतर बाई सिनेमावाल्यांना दारात उभं करेनात. पुढे 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'साठी त्यांचं मन वळवायला खुद्द लॉर्ड माउंटबॅटनना शब्द टाकावा लागला, असं सांगतात, कारण निर्माता ब्रेबॉर्न हा माउंटबॅटनांचा जावई. ब्रेबॉर्न या नावापाशी मुंबईकर थबकणार, आणि त्याचा अंदाज बरोबरच आहे. चर्चगेटचं ब्रेबॉर्न स्टेडियम ज्या गव्हर्नरांच्या नावाचं, त्यांचाच हा मुलगा. क्रिकेट बघायला त्या स्टेडियमवर गेलेल्या किती जणांना माहीत असेल की त्या नावाचं एक टोक थेट पॉयरोच्या मिशीपर्यंत जातं?

थोडक्यात, रंगीत संच निघाला तो कृष्णधवल संचावरचा राग विसरायला लावून. त्यामुळे ख्रिस्तीभक्त आपोआप रंगीत संचाच्या बाजूने उभा राहतो. मीही राहिलो होतो, बरीच वर्षं.

रंगीत संचाचं मोठेपण नाकारण्यात अर्थ नाही. 'ओरिएंट एक्स्प्रेस' सिडनी लुमेटने केलाय, आणि इतके मोठे लोक एका डब्यात कोंबूनही तो गुदमरत नाही. इस्तंबूलच्या फलाटावरून गाडी सुटते तेव्हा रिचर्ड रॉडनी बेनेटचा वॉल्ट्झ सुरू होतो. आगगाडी निघताना दिसते, पण ऐकू येतं ते असं की कुणी पैठणी नेसून दालनात यावं. खुनाच्या सिनेमाची अशी सुरुवात करायला धाडस लागतं. या सिनेमाने एक अवघड कोडंही सोडवलंय, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. रहस्यपटात एखादाच मोठा नट संशयितांमध्ये असला की प्रेक्षक म्हणतो, याला उगीच कशाला घेतलं असेल, हाच असणार. लुमेटने सगळेच मोठे घेतले. शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल, जॉन गिलगुड, व्हनेसा रेडग्रेव्ह, अँथनी पर्किन्स. मग संशय कुणावर घ्यायचा?

त्यात इन्ग्रिड बर्गमन. तिला लुमेट राजकन्येची दिमाखदार भूमिका देत होता, तिने हट्टाने भित्र्या स्वीडिश मिशनरी बाईची छोटी भूमिका मागून घेतली. तिची चौकशी होते तो प्रसंग जवळजवळ पाच मिनिटांचा, एकाच शॉटमध्ये, कॅमेरा तिच्यावरून हलत नाही. त्या पाच मिनिटांनी तिला तिसरं ऑस्कर मिळवून दिलं. हा तुकडा मी आजही मधूनच काढून बघतो.

अल्बर्ट फिनीच्या पॉयरोबद्दल मात्र मतं फाटतात. तेव्हा त्याने चाळिशीही गाठली नव्हती. केस तेलाने चापून बसवलेले, मान खांद्यात रुतवलेली, आणि उच्चार असे की मथळे (सबटायटल्स) लावल्याशिवाय आपल्यासारख्याला अर्धं कळत नाही. मला तो आवडतो, पण घरी चारचौघांत लावायचा तर इंग्रजी मथळे हवेतच. ख्रिस्तीबाई १९७४ मध्ये लंडनच्या प्रीमिअरला गेल्या होत्या. सिनेमा त्यांना पसंत पडला. तक्रार होती ती मिशीची, म्हणे पुस्तकातल्याइतकी भारदस्त नाही. त्यानंतर सव्वा वर्षाने त्या गेल्या, म्हणजे या संचातला एवढा एकच सिनेमा त्यांनी पाहिला.

पुढचे दोन पॉयरो पीटर उस्तिनॉव्हचे. पुस्तकातला पॉयरो बुटका, टापटिपीचा, बुटावर धूळ बसली तरी अस्वस्थ होणारा. उस्तिनॉव्ह म्हणजे लग्नात पंगतीच्या टोकाला बसून सगळ्यांशी गप्पा मारणारे, सढळ अंगाचे काका. पुस्तक बाजूला ठेवलं तर तो लाघवी वाटतो, हे खरं. 'इव्हिल अंडर द सन' त्याच्यामुळेच तरतो, आणि मॅगी स्मिथ व डायना रिग एकमेकींना जे गोड शब्दांत बोचकारतात त्यामुळे. कादंबरी इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरची. सिनेमात ती एड्रिअ‍ॅटिकमधल्या एका काल्पनिक राज्यात नेली आणि चित्रीकरण केलं स्पेनच्या मायोर्कात, त्यामुळे ऊन भरपूर. पार्श्वभूमीला कोल पोर्टरची गाणी. रविवारी दुपारी जेवणानंतर बघायला छान, एवढंच म्हणेन.

'द मिरर क्रॅक्ड' या संचातला मार्पलचा. अँजेला लॅन्सबरी तेव्हा ५४ वर्षांची होती. तिला पिकल्या केसांचा टोप चढवून म्हातारी केलंय, आणि ते दिसतं. अर्ध्या सिनेमात तर ती पाय मुरगळून घरातच बसलेली आहे. एलिझाबेथ टेलर आणि किम नोव्हाक एकमेकींना टोमणे मारतात तेवढा भाग करमणुकीचा. पुढे जाऊ.

राहिला 'डेथ ऑन द नाइल', १९७८ चा. माझ्या मनातला काटा हलला तो इथे.

त्याचं कौतुक आधी करून टाकतो. जॅक कार्डिफचा कॅमेरा, निनो रोटाचं संगीत, अँथनी पॉवेलचे कपडे, ज्यांना ऑस्कर मिळालं. खरा इजिप्त, खरी नाइल, खरी वाफेची बोट. बेटी डेव्हिस मालकीण आणि मॅगी स्मिथ तिची सोबतीण, या दोघींसाठी वेगळा सिनेमा काढायला हवा होता. लॅन्सबरी इथे दारूडी लेखिका झालीय. डेव्हिड निव्हनला धरून ती जो टँगो नाचते, तो बघून निव्हनइतकीच आपलीही त्रेधा उडते. बोटीचा व्यवस्थापक म्हणून आपला आय. एस. जोहरही आहे. अभिमानाने बघायला जावं तर त्याच्या वाट्याला मोडकंतोडकं इंग्रजी आणि लवून लवून हांजी हांजी, एवढंच आलंय. वाईट वाटतं, पण काळ तसा होता म्हणून मी ते गिळलं.

हा सिनेमा मी पहिल्यांदा एकट्याने पाहिला तेव्हा मला तो फार आवडला होता. दुसऱ्यांदा आईबरोबर पाहिला.

आईचं वय तेव्हा ८१. इंग्रजी वाचता येतं, ऐकलेलं पटकन उमगत नाही. तरुणपणी वाचनालयातून रहस्यकथा आणून सासूपासून लपवत वाचणारी बाई, त्यामुळे कोण कुठे होतं, दार आतून बंद होतं की बाहेरून, याकडे तिचं बारीक लक्ष. खून होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. नंतर पॉयरो एकेका प्रवाशाला बसवून सांगू लागतो, की तुम्हालाही हे करता आलं असतं. नुसतं सांगत नाही, सिनेमा ते दाखवतो. तो प्रवासी हळूच केबिनमध्ये शिरतो, पिस्तूल उचलतो, झोपलेल्या मुलीच्या डोक्याला लावतो, गोळी झाडतो.

आई म्हणाली, "अरे, हिनेच मारलं होय!"

मी म्हणालो, "नाही गं, हे नुसतं समजा म्हणून."

पुढचा प्रवासी. पुन्हा केबिन, पुन्हा पिस्तूल, पुन्हा तीच झोपलेली मुलगी, पुन्हा गोळी. "म्हणजे याने?" "नाही, हेही समजा." असं करत जवळजवळ अख्खी बोट त्या बिचारीला एकेकदा मारून गेली. चौथ्या-पाचव्या वेळी आईने चष्मा काढून पदराला पुसला आणि विचारलं, "खरं नाही तर दाखवतात कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

या युक्तीच्या बाजूने बोलता येतं, ते बोलतो. पॉयरोची पद्धतच अशी आहे, प्रत्येकाला शक्य होतं हे सिद्ध करायचं आणि मग एकेकाला वगळायचं. पुस्तकात ते शोभतं, कारण पुस्तक शब्दांचं असतं. मराठीत आपण म्हणतो, "तिने मारलं असेल." त्यातल्या 'असेल'मध्ये सगळा संशय मावतो. पडद्याला 'असेल' म्हणता येत नाही. पडद्यावर फक्त 'मारलं' दिसतं. एकदा डोळ्यांनी 'मारलं' बघितलं, आणि ते खोटं होतं असं कळलं, की शेवटी खरा खून दाखवतात तेव्हा तोही आणखी एक 'समजा' वाटतो. माझं तसंच झालं. शेवटचा उलगडा चालू होता आणि आई शांतपणे म्हणाली, "हेही खोटंच असेल." खरं तर तो उलगडा उत्तम आहे, ख्रिस्तीबाईंच्या चांगल्या कामांपैकी. पण तोवर सिनेमाने आमच्याकडची पत घालवली होती.

दोन तास वीस मिनिटांचा सिनेमा, त्यातला बराच वेळ न झालेले खून बघण्यात. आमच्याकडे रात्री साडेआठला जेवणं उरकतात, नऊला सिनेमा लागतो, अकरानंतर आईला जागवत नाही. त्या रात्री साडेअकरा झाले. कुणी म्हणेल, ही काय सिनेमा मोजायची पट्टी झाली? पण घरी बसून बघायचा संच निवडतोय, तर पट्टीही घरातलीच लागणार ना.

दुसऱ्या आठवड्यात, थोड्या नाइलाजानेच, मी रदरफर्डचा 'मर्डर, शी सेड' लावला. नाइलाजाने अशासाठी, की हा संच मला सवलतीत मिळाला म्हणून घेतला होता आणि तोवर मी त्याची थट्टाच करत आलो होतो. मार्पल अशी असते का? पुस्तकातली मार्पल सडपातळ, हळुवार, लोकरीच्या गुंड्यात हरवलेली. रदरफर्ड म्हणजे जबडा पुढे काढून चालणारी, खांद्यावर झूल टाकलेली, सत्तरीला टेकलेली एक भरभक्कम मूर्ती. जन्म १८९२ चा.

तिच्या आयुष्याची गोष्ट या सिनेमांहून काळी आहे. तिच्या वडिलांनी, ती जन्मायच्या आधी, भ्रमिष्टावस्थेत स्वतःच्या वडिलांचा खून केला होता. मनोरुग्णालयातून सुटल्यावर आईवडील पुन्हा एकत्र आले, मुलगी झाली, आणि तिला घेऊन ते मद्रासला आले. तिथेच आईने जीव दिला. तीन वर्षांच्या मार्गारेटला विंबल्डनला मावशीकडे पाठवलं. खुनाच्या गोष्टींत हसतखेळत वावरणारी ही भूमिका घ्यायला ती आधी राजी नव्हती असं म्हणतात. नसेलच. हे वाचल्यापासून तिच्या त्या वेंधळ्या-खट्याळ चेहऱ्याकडे बघताना मी थट्टा करणं सोडलं.

सिनेमाची सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. पॅडिंग्टनहून सुटलेली गाडी, शेजारून जाणारी दुसरी गाडी, एका खिडकीचा पडदा उडतो आणि आत एका बाईचा गळा आवळला जाताना दिसतो. कादंबरीत हे दृश्य बघणारी मार्पलची मैत्रीण असते, आणि पुढे संशयितांच्या घरात कामाला राहते ती तिसरीच एक हुशार तरुणी. सिनेमाने तिघींची मिळून एक मार्पल केली. भक्तांना हे पाप वाटतं, मलाही वाटायचं. पण त्याचा परिणाम बघा. जिने पाहिलं तिच्यावरच कुणी विश्वास ठेवत नाही. म्हातारी रहस्यकथा वाचत होती, डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल, असं पोलीस सुचवतात. मग तीच रूळ तपासायला जाते, तीच त्या घरात मोलकरीण म्हणून राहते. चौकशी, अपमान आणि धोका, तिन्ही एकाच बाईच्या अंगावर.

आईला या वेळी काहीच समजवावं लागलं नाही. पडद्यावर जे दिसलं ते घडलेलं होतं. गाडीतला खून खराच खून होता. सिनेमा दाखवतो एक आणि म्हणतो दुसरंच, असं कुठेही झालं नाही. मार्पल कामवालीच्या पोशाखात त्या खडूस म्हाताऱ्याच्या वाड्यात शिरली तेव्हा आई पुढे सरकून बसली. "आता ही शोधणारच," म्हणाली. "कामवालीसमोर लोक काहीही बोलतात. तिला कान आहेत हे विसरतात." आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना आमच्या तिन्ही मजल्यांची कुंडली पाठ आहे, तेव्हा या निरीक्षणाला पुरावा मागायची गरज नव्हती.

साडेदहाला सिनेमा संपला. आईने विचारलं, "हिचा अजून आहे का?"

तर माझा कल कुठे आहे हे आता लपवण्यात अर्थ नाही. तरी या संचाचे दोषही सांगतो, कारण ते आहेत, आणि भरपूर आहेत.

एक तर चौथा, 'मर्डर अहॉय'. हाच तो कादंबरी नसलेला. वाट चुकलेल्या पोरांना वळण लावणारं एक जहाज, त्यावर मार्पल नौदलाच्या थाटाचा पोशाख घालून चढते, आणि शेवटी तलवारबाजी. हो, तलवारबाजी. ख्रिस्तीबाईंचा सगळ्यात जास्त राग यावरच होता आणि इथे मी त्यांच्या बाजूने आहे. तीनच पाहिलेत आणि हा सोडलात तर काही बिघडत नाही.

दुसरं, सरधोपटपणा. प्रत्येक सिनेमात इन्स्पेक्टर क्रॅडॉक आधी तिला उडवून लावतो आणि शेवटी टोपी काढतो. चार्ल्स टिंगवेल हा नट गोड आहे, पण तिसऱ्यांदा तेच बघताना आपणच त्याला सांगावंसं वाटतं, अरे बाबा, मागच्या वेळी काय झालं ते आठव. तिसरं, पहिल्या दोन सिनेमांत घरातला सगळ्यात तिरसट किंवा सगळ्यात लठ्ठ पुरुष शेवटी तिला लग्नाची मागणी घालतो. पहिल्यांदा हसू येतं. चौथं, रॉन गुडविनची ती हार्पसिकॉर्डवरची दुडक्या चालीची धून. चारही सिनेमांत तीच, आणि ती दोन दिवस डोक्यातून जात नाही. हा दोष की गुण, ते तुमच्या डोक्यावर अवलंबून.

आणि हो, गंभीर खून हवा असेल तर हा संच तुमच्यासाठी नाही. इथे मेलेल्याबद्दल फार वेळ कुणी रडत नाही. रंगीत संचात 'ओरिएंट एक्स्प्रेस' तरी तसा नाही. त्याच्या तळाशी खरं दुःख आहे, एका अपहरण झालेल्या मुलीचं, आणि शेवटी ते वर येतं. त्या एका सिनेमापुरतं रंगीत पारडं जड आहे हे मी नि:संकोच मान्य करतो. जाता जाता हेही नोंदवतो, की तिथेही शेवटी खून पडद्यावर दाखवतात, पण तो घडला तसाच, एकदाच. म्हणून तो अंगावर येतो.

मग कृष्णधवल संचाने मला का जिंकलं? त्यामागची माणसं, हे एक कारण असावं. दिग्दर्शक जॉर्ज पोलॉक काही थोर वगैरे नव्हे. डेव्हिड लीनच्या हाताखाली सहायक म्हणून तयार झालेला, वेळेत आणि बेताच्या पैशात काम करून देणारा माणूस. पण कुठे कापायचं हे त्याला कळतं. चारही सिनेमे दीड तासाच्या आसपास आटोपतात आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी विपरीत झालेलं असतं. 'मर्डर मोस्ट फाउल'ची सुरुवात बघा. खटला चालू आहे, ज्यूरीतले अकरा जण आरोपीला दोषी ठरवून मोकळे झालेत, आणि बारावी मार्पल. ती हलत नाही, एवढंच. यापेक्षा थोडक्यात हे पात्र कुणी उभं केलं असेल असं मला वाटत नाही.

आणि मिस्टर स्ट्रिंगर. ख्रिस्तीबाईंच्या एकाही पुस्तकात हा माणूस नाही. गावातला ग्रंथपाल, मार्पलचा भित्रा सोबती. तिने म्हणावं, चला, अंधारात भिंतीवर चढू, आणि याने आवंढा गिळून म्हणावं, बरं. हे काम केलंय स्ट्रिंगर डेव्हिसने, आणि तो रदरफर्डचा खराखुरा नवरा. १९४५ मध्ये लग्न झालं तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली. त्याच्यासाठीच ही भूमिका लिहून घेतली गेली. तो तिच्याकडे ज्या काळजीने बघतो तो अभिनय आहे की सवय, ते ओळखता येत नाही. 'मर्डर ॲट द गॅलप'मध्ये ही दोघं ट्विस्ट नाचतात. सत्तरीची बाई आणि तिचा नवरा, भर दिवाणखान्यात, तरुणांच्या नाचावर. नाइलवरचा टँगो जास्त सफाईदार आहे. पण आठवतो तो हा.

शिवाय हा संच बघताना एक छोटा खेळ खेळता येतो. 'मर्डर, शी सेड'मध्ये वाड्यात स्वयंपाकाला येणारी एक कुरकुरी बाई आहे, मिसेस किडर. तिच्याकडे नीट बघा. ती जोन हिक्सन. वीसेक वर्षांनी बीबीसीच्या मालिकेत हीच मिस मार्पल झाली, आणि पुस्तकाशी सगळ्यात इमानी मार्पल कोण म्हणाल तर तीच. म्हणजे खोटी मार्पल आणि खरी मार्पल एकाच स्वयंपाकघरात उभ्या आहेत, आणि त्या वेळी ते कुणालाच माहीत नाही. मला हे कुठल्याही उलगड्यापेक्षा जास्त आवडतं.

ख्रिस्तीबाईंबद्दलही न्याय व्हायला हवा. त्यांचा राग सिनेमांवर होता, बाईवर नव्हता. १९६२ साली आलेली आपली मार्पलची कादंबरी त्यांनी मार्गारेट रदरफर्डलाच अर्पण केली. गंमत अशी की 'द मिरर क्रॅक्ड' याच कादंबरीवर निघाला, म्हणजे कृष्णधवल संचाच्या नायिकेला अर्पण केलेलं पुस्तक जाऊन पडलं रंगीत संचात, दुसऱ्याच मार्पलच्या हाती.

आता विकत घेणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. इंग्लंडहून कुणाकरवी डिस्क मागवणार असाल तर प्रदेश-क्रमांक बघून घ्या. त्यांचा २, आपला ५, आणि साधा प्लेअर त्या घेत नाही. माझा रंगीत संच एका विक्रेत्याने "चालतो हो, सगळीकडे चालतो" म्हणून दिला आणि तो महिनाभर नुसता शोभेला होता. शेवटी प्लेअर बदलला. दुसरं, मथळ्यांशिवायची आवृत्ती घेऊ नका. रदरफर्ड पुटपुटते आणि फिनी गुरगुरतो.

तुमचं घर माझ्या घरासारखं नसेल हे गृहीत धरतो. एकटे बघणार असाल, मोठा पडदा असेल, कपडे-नेपथ्य-संगीत यात रस असेल, रात्री जागरण परवडत असेल, तर रंगीत संच घ्या. तुमचे पैसे वाया जाणार नाहीत. निव्वळ अस्सल ब्रिटिश डिटेक्टिव्ह सिनेमा, एकच, पण पहिल्या प्रतीचा, असं कुणी विचारलं तर मी दोन्ही संच बाजूला ठेवून १९४६ चा 'ग्रीन फॉर डेंजर' सांगतो. युद्धकाळातलं इस्पितळ, शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा मृत्यू, डोक्यावरून जाणारे उडते बॉम्ब, आणि स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश असलेला ॲलिस्टर सिमचा इन्स्पेक्टर. पण तो संचात येत नाही, आणि भाच्याने संच विचारला होता.

घरात तीन पिढ्या असतील, कुणाला इंग्रजी जेमतेम कळत असेल, मध्येच कुणी दूध तापवायला उठणार असेल, तर माझं ऐका. पहिल्या रात्री 'मर्डर, शी सेड'. दुसऱ्या रात्री 'मर्डर मोस्ट फाउल', जरी तो क्रमाने तिसरा असला तरी. तिसऱ्या रात्री 'ॲट द गॅलप', ट्विस्टसाठी. चौथ्या रात्री 'मर्डर अहॉय' न लावता रंगीत संचातला 'ओरिएंट एक्स्प्रेस' कुणाकडून तरी उसना आणा. त्या रात्री जेवणं लवकर उरका.

भाच्याने शेवटी काय केलं ते परवा कळलं. त्याने 'डेथ ऑन द नाइल' लावला. इजिप्त बघायचं होतं म्हणे. सासूबाई तिसऱ्या गोळीला झोपायला गेल्या.